माझ्या पार्लरमध्ये लेझर का नाही

जालन्याच्या सदर बाजार भागात मी बावीस वर्षं पार्लर चालवते आहे. दोऱ्याचं टोक दातात धरून भुवया कोरता कोरता मानेचा त्रास मागे लागला, पण धंदा याच दोऱ्यावर उभा राहिला. गेल्या दिवाळीच्या आधी एक विक्रेता मशीन घेऊन आला. हप्त्यावर द्यायला तयार होता. म्हणाला, "ताई, दोन तास शिकवतो, उद्यापासून सुरू करा. बोर्डावर एवढंच लिहा, केस कायमचे बंद." चहा देऊन मी त्याला परत पाठवलं. एवढी मागणी असताना नाही का म्हणालीस, असं तेव्हापासून बऱ्याच जणी विचारतात.

लेझरने केस कमी होतात, हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. केसातलं काळं रंगद्रव्य प्रकाश शोषून तापतं आणि ती उष्णता मुळाला जाळते. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1983 साली हे तत्त्व मांडलं आणि पुढे नव्वदच्या दशकात केस काढायची यंत्रं बाजारात आली. अडचण ही की, तेच रंगद्रव्य आपल्या कातडीतही असतं. गोऱ्या कातडीतला काळा केस किरणाला नेमका सापडतो. आपल्या सावळ्या कातडीत मात्र बराचसा किरण वरच अडतो आणि तिथेच भाजतं. त्यामुळे आपल्याकडे खोल जाणारा, 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित धरतात. मी विक्रेत्याला आकडा विचारला, तेव्हा कळलं की त्याच्या पेटीत लेझर नव्हताच. ते आयपीएल होतं, म्हणजे अनेक लहरींचा एकत्र झोत. सावळ्या चेहऱ्यावर तो चालवायला नजर आणि अनुभव दोन्ही लागतात, आणि ते दोन तासांत येत नाहीत.

अंबडकडची एक मुलगी लग्नाच्या दीड महिना आधी एका ठिकाणी लेझरला बसली. आधी कानामागे एखादा ठिपका मारून कातडी कशी वागते ते पाहायचं असतं. तिथे कुणी पाहिलं नाही. एप्रिलचं ऊन, पोर घरच्या मोसंबीच्या बागेत राबणारी, चेहरा रापलेला. रापलेल्या कातडीवर लेझर मारायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही. दोन्ही गालांवर पट्टे उठले आणि पुढे काळे पडले. लग्नाच्या दिवशी तिचा मेकअप मीच केला. थरावर थर दिले तरी डाव्या गालाचा पट्टा झाकेना, आणि ती आरशात न बघता नुसती माझ्या हाताकडे बघत बसली होती. तो दिवस मी विसरलेले नाही. विक्रेत्याला नाही म्हणताना तीच मुलगी डोळ्यांसमोर होती.

दुसरं कारण हनुवटीत आहे. भुवया करायला आलेल्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस दिसले की मी हळूच पाळीचं विचारते. दोन-दोन महिने पाळी येत नसेल तर ते दुखणं पार्लरचं नाही. पीसीओडी असताना लेझर आहे ती मुळं जाळतो, पण आतले हार्मोन नवी लव जागी करतच राहतात. उलटंही घडतं. आपल्यासारख्या कातडीच्या बायकांत, विशेषतः चेहऱ्यावर, लेझरनंतर बारीक लव जाड केसांत बदलल्याचं डॉक्टर सांगतात. असं कुणाचं होईल, हे मी खुर्चीवर बसवून कसं ओळखणार?

"कायमचे बंद" हे शब्द तर मला बोर्डावर लिहवणार नाहीत. अमेरिकेचं औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांबद्दल केसांची कायमची घट एवढंच म्हणू देतं. याच प्रशासनाने 2007 साली एक जाहीर इशारा दिला होता. लेझरआधी बधिर करणारं मलम पायांवर थापून वर प्लास्टिक गुंडाळल्याने दोन तरुणींचा जीव गेला होता. आपल्याकडे असं मलम सहज हाती लागतं.

सगळ्यात जास्त समजूत मला आयांची घालावी लागते. वाढीच्या टप्प्यात असलेल्याच केसावर लेझर लागू पडतो, म्हणून सहा-आठ वेळा, मध्ये महिना-दीड महिना सोडून जावं लागतं. तेवढे दिवस थ्रेडिंग बंद, कारण दोऱ्याने मूळच उपटलं तर किरण जाळणार काय? वाढलेला केस फक्त वस्तऱ्याने काढायचा. इथे आई उठून उभी राहते. "अहो ताई, पोरीच्या तोंडाला वस्तारा? दाढी उगंल ना तिला!" वस्तऱ्याने केस दाट होत नाही, कापलेलं टोक बोथट असल्याने हाताला फक्त राठ लागतो. हे मी आजवर किती जणींना सांगितलं असेल!

जालन्यात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग विभागात चांगला लेझर असावा आणि पीसीओडीच्या मुलींना तो परवडेल अशा दरात मिळावा, ही माझी मागणी आहे. हा नखऱ्याचा खर्च आहे असं वाटणाऱ्यांनी जूनच्या उकाड्यात तोंडाला ओढणी बांधून वर्गात बसणारी मुलगी पाहावी.

भोकरदनहून येणाऱ्या अशाच एकीला मी छत्रपती संभाजीनगरच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. आधी रक्ताच्या तपासण्या, मग गोळ्या, मग पावसाळ्यापासून आठ वेळा लेझर. कापूस वेचणीच्या दिवसांत डॉक्टरांनी उन्हात जायची मनाई केली, तेव्हा तिच्या वाटच्या ओळी तिच्या भावाने वेचल्या. पूर्वी दर आठ दिवसांनी माझ्याकडे यायची. आता दोन महिन्यांनी येते. हनुवटीखाली सात-आठ केस उरलेत, तेवढे मी दोऱ्याने काढून देते.