दुर्बीण नंतर, आधी गच्ची

दर दोन-तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात बातमी येते की पृथ्वीसारखा आणखी एक ग्रह सापडला. सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचं देखणं चित्र असतं. ते फोटो नसून कुणीतरी कल्पनेनं काढलेलं चित्र आहे, हे बातमीत अगदी शेवटी लिहितात किंवा लिहीतच नाहीत. मग आकाशदर्शनाला आलेली मुलं हट्ट धरतात, "काका, तो ग्रह दाखवा ना." ग्रह काही दाखवता येत नाही, पण त्याचा सूर्य दाखवता येतो. म्हणून ही विनंती: यंदाच्या थंडीत असा एक सूर्य तुम्ही स्वतः शोधून काढा.

कुठला ते सांगतो. भाद्रपद म्हटलं की आपल्याला गणपती आठवतात. त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र पूर्वा किंवा उत्तरा भाद्रपदा नक्षत्राजवळ असतो, म्हणून महिन्याचं नाव भाद्रपद. गंमत अशी की ऐन भाद्रपदात आभाळ ढगांनी झाकलेलं असतं. नक्षत्र नीट पाहायचं तर कार्तिकाची वाट बघावी लागते. कार्तिकातली संकष्टी उलटली की चंद्र उशिरा उगवू लागतो. तेव्हा रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान गच्चीवर सतरंजी टाका आणि पाय दक्षिणेला करून उताणे पडा. घरात आजी असेल तर ती रागावेल, कारण दक्षिणेला पाय करू नयेत. तिलाही सोबत न्या.

जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. आतली जागा बरीचशी रिकामी वाटते, त्यामुळे तो चटकन ओळखू येतो. तुमच्या उजव्या हाताकडचे, म्हणजे पश्चिमेचे दोन तारे पूर्वा भाद्रपदेचे. त्या दोघांना जोडणारी रेघ मनात काढा. तिच्या मध्यापासून किंचित पायांकडे सरका आणि तिथून चौकोनाच्या बाहेर, उजवीकडे जा. हात लांब करून धरलेल्या बोटाच्या रुंदीएवढं, फार तर अंगठ्याएवढं. तिथे ५१ पेगासी नावाचा तारा आहे. गावाकडच्या काळ्याभोर आभाळात तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. शहरातून द्विनेत्री, म्हणजे साधा बायनॉक्युलर लागेल. मोबाइलवर स्टेलॅरियमसारखं ॲप असेल तर त्यात नाव टाकून खात्री करून घ्या.

दिसायला अगदीच सामान्य तारा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं होतं, "एवढ्यासाठी जागवलंत?" पण १९९५ साली मिशेल मायोर आणि त्यांचा विद्यार्थी दिदिए केलोझ यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून याच ताऱ्याभोवती ग्रह शोधला. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह. त्याआधी १९९२ मध्ये एका मेलेल्या ताऱ्याभोवती ग्रह सापडले होते, पण त्या ताऱ्यात सूर्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

त्यांनाही ग्रह दिसला नव्हता. जत्रेत बाप लेकराचे दोन्ही हात धरून गरगर फिरवतो, तेव्हा आपलं लक्ष लेकराकडे असतं. पण बापही किंचित मागे झुकून लहानसं रिंगण घेत असतो. लेकरू अंधारात असेल तरी बापाच्या झोकांड्यांवरून त्याचा अंदाज बांधता येईल. ५१ पेगासी तसाच झोकांड्या घेत होता, सेकंदाला सुमारे ५६ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वेगानं कधी आपल्याकडे, कधी आपल्यापासून दूर. ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा त्यामुळे किंचित सरकत होत्या. आणि हे चक्र सव्वाचार दिवसांत पुरं होत होतं! गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह, आणि त्याचं वर्ष आपल्या आठवड्याहून लहान. असा ग्रह असू शकतो हे तेव्हा जवळपास कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. केलोझला आधी वाटलं, आपल्याच गणितात काहीतरी चुकलंय. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज तुम्ही जो प्रकाश पाहाल तो सुमारे ५० वर्षांपूर्वी, आपल्याकडे आणीबाणी होती त्या सुमाराला तिथून निघालेला आहे.

नंतर शोधांचा वेग वाढला तो दुसऱ्या पद्धतीमुळे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड थोडासा उतरतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर शंभरात एक भाग, आणि पृथ्वीएवढा असेल तर दहा हजारात जेमतेम एक. २००९ मध्ये सोडलेली केप्लर दुर्बीण अभिजित आणि हंस यांच्यामधल्या, मुठीनं झाकता येईल एवढ्या आकाशाकडे चार वर्षं टक लावून होती. तिच्या नोंदींमधून अडीच हजारांहून अधिक ग्रह निघाले. २०२५ च्या सप्टेंबरात नासाच्या यादीनं सहा हजारांचा टप्पा ओलांडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनंही माउंट अबूच्या दुर्बिणीवरून यात भर घातली आहे.

या यादीत हौशी माणसांचाही वाटा आहे. केप्लरच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या केल्यावर घरबसल्या ते आलेख चाळणाऱ्या स्वयंसेवकांनी चार ताऱ्यांच्या कुटुंबातला एक ग्रह शोधला, २०१२ मध्ये. पुढे के२-१३८ या ताऱ्याभोवतीची पाच ग्रहांची माळही स्वयंसेवकांच्याच नजरेला पडली. त्यांना फक्त चिकाटी लागली. थोडंफार इंग्रजी वाचता येत असेल तर हे काम तुम्हीही करू शकता.

आता बातम्यांविषयी. एप्रिल २०२५ मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या केंब्रिजच्या गटानं सांगितलं की १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात अशा वायूच्या खुणा असाव्यात. 'असाव्यात' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे मथळे आले ते जीवसृष्टी सापडल्याच्या थाटात. इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली तेव्हा त्यांना ती खूण पटण्याइतकी स्पष्ट दिसली नाही. मीनास्य ताऱ्याजवळ २००८ मध्ये ग्रहाचा चक्क फोटो मिळाल्याचं जाहीर झालं होतं. पुढे तो ठिपका विरत गेला, आणि तो धुळीचा ढग असावा असं ठरलं. विज्ञान असंच चालतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र असा मथळा कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे ढकलण्याआधी एक दिवस थांबा.

आणखी एक. ताऱ्याला तुमचं नाव देण्याची प्रमाणपत्रं विकणारे बरेच आहेत. त्या कागदाला खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही. नावं ठरवते ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, आणि ती पैसे घेत नाही. २०१९ मध्ये तिनं एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिलं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या बिभा चौधरींची आठवण म्हणून. त्याच्या ग्रहाचं नाव 'संतमस'.

आणि दुर्बीण? माझी पहिली दुर्बीण खोक्यावरचा '६७५ पट' हा आकडा वाचून घेतलेली. भिंग ६० मिलिमीटरचं. अशा भिंगातून १२० पटींच्या वर चांगलं चित्र मिळतच नाही, मिलिमीटरच्या दुप्पट हा साधा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. तिपाई तर अशी की शेजारच्या गच्चीत कुणी चाललं तरी चंद्र थरथरायचा. दोन महिन्यांत ती माळ्यावर गेली. तुमच्या मुलानं दुर्बीण मागितली तर आधी वर्षभर आकाश नुसत्या डोळ्यांनी ओळखायला शिकवा. मग १० × ५० चा द्विनेत्री घ्या. त्यानंतरही हौस टिकली तरच दुर्बीण, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून चार वेळा पाहून झाल्यावर.

अशी दुसऱ्याची दुर्बीण मिळते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, पणजीतही हौशी मंडळी लोकांना आकाश दाखवतात. विदर्भातल्यांना तर पेंच जवळ आहे. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

यातलं काहीच जमलं नाही तर निदान एवढं करा. कार्तिकातली संकष्टी झाली की चार-पाच दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून गच्चीवरचा हॅलोजन तासभर बंद करायला लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, तोवर खिशातला मोबाइल बाहेर काढू नका.