आयपी ॲड्रेस म्हणजे आरोपी नव्हे!

बाबासाहेबांविषयी किंवा तथागतांविषयी घाणेरडा मजकूर कोणी इंटरनेटवर टाकला की आपली तरुण मंडळी पोलीस ठाण्यावर धडकतात. तिथे ठाणेदार साहेबांचे ठरलेले वाक्य ऐकायला मिळते, 'आयपी ॲड्रेस मागवला आहे, दोन दिवसांत माणूस हातात येईल.' मंडळी समाधानाने घरी परततात. या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धी थाप आहे. आपली चळवळ ही जितकी मोर्चाची तितकीच कायद्याची असल्यामुळे हे अर्धे-अर्धे वेगळे करून समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

आयपी ॲड्रेस हा इंटरनेटच्या जोडणीला कंपनीने दिलेला क्रमांक असतो आणि बहुतेक वेळा तो तात्पुरता असतो. त्यात गाव, गल्ली, घर नंबर काहीही लिहिलेले नसते. अमुक क्रमांक अमुक ठिकाणचा, असे सांगणाऱ्या खाजगी याद्या बाजारात आहेत. पण ते अंदाज असतात. देश बहुधा बरोबर येतो, शहर कधी येते कधी येत नाही, घर तर येतच नाही. अमेरिकेत मॅक्समाइंड नावाच्या कंपनीने ज्या क्रमांकांचा ठावठिकाणा लागत नव्हता, ते सगळे देशाच्या साधारण मध्यभागी दाखवले. तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातील एका शेतघरावर पडला. साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या एका शेताच्या नावावर! कित्येक वर्षे पोलीस, कर खात्याची माणसे आणि फसवणूक झालेले लोक त्या घराच्या दारात येऊन चोर शोधत राहिले. घरातल्यांना कारण कळले ते २०१६ साली, एका पत्रकाराने शोधून काढल्यावर.

दुसरा रस्ता पोलिसांचा. ते कंपनीला कायदेशीर नोटीस देतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ आहे. कंपनी आपली नोंदवही पाहून त्या वेळी तो क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता ते सांगते. इथे पत्ता मिळू शकतो. पण तो बिल भरणाऱ्याचा पत्ता. बोटे कोणाची चालली ते नोंदवहीत नसते. वसतिगृहातील वायफाय पन्नास मुले वापरतात, सायबर कॅफेत दिवसभर माणसे येतात-जातात, आणि शेजाऱ्याला पासवर्ड न देणारे घर आपल्या वस्त्यांत तरी आम्हाला अजून दिसायचे आहे.

मोबाईलची गोष्ट याहून अवघड. जुन्या पद्धतीचे आयपी क्रमांक जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते कधीच अपुरे पडले. म्हणून मोबाईल कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. वस्तीतल्या एका नळावर शंभर घरे पाणी भरत असतील, तर नळाचा नंबर सांगून कोणत्या घराची घागर भरली हे कसे कळणार? त्यासाठी आयपीसोबत पोर्ट क्रमांक लागतो आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. हा फरक कोणी जुळवायचा विसरला, की भलत्याच माणसाच्या दाराची कडी वाजते.

असे खरोखर घडते का? घडले आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. २००७ साली ऑर्कुटवर शिवरायांची बदनामी झाली म्हणून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला उचलून आणले. कंपनीने चुकीच्या ग्राहकाचे नाव-पत्ता दिले होते. निरपराध तरुण सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला. तो शिकलेला होता, चांगल्या नोकरीत होता, संगणकाची भाषा जाणत होता. तरी पन्नास दिवस! त्याच्या जागी आपल्या एखाद्या नगरातला रोजंदारीवरचा पोरगा असता, ज्याच्या बापाकडे वकिलाची फी नाही आणि जामिनाला उभा राहणारा सातबारावाला नातेवाईक नाही, तर किती दिवस लागले असते याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या प्रश्नात आपण दोन्ही बाजूंना उभे असतो. कधी फिर्यादी म्हणून, तर कधी आरोपी म्हणून. अनुसूचित जाती-जमातींना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(व्ही) खाली गुन्हा आहे, २०१६ पासून. त्याचा वापर झालाच पाहिजे. पण नुसत्या आयपीवर उभा केलेला खटला कोर्टात आडवा होतो, आणि खरा जातीयवादी पेढे वाटत बाहेर पडतो. चुकीचा माणूस धरला गेला तर बदनामी कायद्याचीच होते आणि 'ॲट्रॉसिटीचा गैरवापर' म्हणून ओरडणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

म्हणून कार्यकर्त्यांनी नुसता स्क्रीनशॉट घेऊन धावू नये. मजकुराची पूर्ण लिंक, खात्याची लिंक, पाहिल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. ज्या मोबाईलवर तो पाहिला तो जपावा. तक्रारीसोबतच लेखी अर्ज द्यावा की संबंधित कंपन्यांना नोंदी जतन करण्याचे तात्काळ कळवावे, आणि आयपीबरोबर पोर्ट क्रमांक व वेळेचे प्रमाण मागवावे. अर्जाची पोच घ्यावी. उशीर झाला की नोंदी पुसल्या जातात, मग ठाणेदारही हतबल आणि आपणही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे पक्के केले. तपासात जप्त झालेल्या नोंदी वेगळ्या व सुरक्षित ठेवण्याचे निर्देशही इंटरनेट कंपन्यांना त्याच निकालात दिले. आता हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

आणि कोणत्याही फुकटच्या 'लोकेशन' दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबून कोणाच्या घरावर जाऊ नये. जून २०१४ मध्ये हडपसरला फेसबुकवरच्या मजकुराचा राग जमावाने एका मुस्लिम तरुण अभियंत्यावर काढला, त्याचा जीव घेतला. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयातून त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले.

उलट बाजूने, आपल्या पोराला आयपीच्या नावाखाली उचलले तर त्याच्या वकिलाने पहिल्याच रिमांडला विचारावे : कंपनीचे पत्र दाखवा. त्यात पोर्ट आहे का? वेळ कोणत्या प्रमाणातली आहे? त्या जोडणीवर आणखी कोण होते, हे तपासले का? जप्त केलेल्या मोबाईलचा हॅश नोंदवला का? ही उत्तरे केस डायरीत नसतील तर पोलीस कोठडी कशासाठी हवी, हे तपास अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटसमोर सांगावे.