साधं जेवण, पण कुणासाठी साधं?

गेल्या डिसेंबरातल्या शिबिराच्या आढाव्यात एक वाक्य आलं आहे: ‘जेवणाच्या प्रयोगात विनाकारण वेळ गेला. पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे साधं पिठलं-भाकरी ठेवावं.’ बैठकीत या वाक्याला कुणी विरोध केला नाही. मी त्या दिवशी गावाला गेले होते. म्हणून आता इथे लिहिते आहे.

ज्याला ‘प्रयोग’ म्हटलं आहे तो एवढाच, की आम्ही घरी केलेलं ताजं पनीर आणि संत्र्याच्या फोडी यांची कोशिंबीर केली. सॅलड म्हणा हवं तर. आणि ती सगळ्यांनी मिळून केली.

आता ‘नेहमीप्रमाणे साधं’ म्हणजे काय, ते आठवून बघा. त्याच्या आदल्या वर्षी आपण चाळीस जणी होतो. माणशी दोन म्हटल्या तरी ऐंशी भाकऱ्या. वस्तीतल्या तिघी जणी पहाटे चारला उठून चुलीपुढे बसल्या. अकरा वाजता आपलं सत्र सुरू झालं, विषय होता ‘घरकामाचं मोल’. पडद्यापलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आवाजाचा त्रास होतो म्हणून आपल्यातल्याच एकीनं उठून मधलं दार लोटलं. त्या तिघींच्या घरकामाबद्दल आपण दोन तास बोललो आणि त्या तिघींनी त्यातला एक शब्दही ऐकला नाही. समारोपाला त्यांना नारळ आणि ब्लाउजपीस देऊन त्यांचे आभार मानले. टाळ्या मीही वाजवल्या.

त्यानंतर केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी आली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. (करणारा पुरुष, हं! जे काडीही हलवत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.) हे आकडे आपण पोस्टरवर लिहिले, पथनाट्यात घातले. आपल्या शिबिराच्या स्वयंपाकघरातली मिनिटं मात्र कुणी मोजली नाहीत, कारण जेवण ‘साधं’ होतं.

म्हणून गेल्या वेळी मी कोशिंबिरीचा आग्रह धरला. तेव्हा दोन आक्षेप आले आणि आढाव्यात तेच पुन्हा आले आहेत.

पहिला आक्षेप असा की पाककृती हे बायकांना चुलीला बांधून ठेवणाऱ्या मासिकांचं काम आहे, चळवळीचं नाही. मैत्रिणींनो, १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायांनी महागाईविरुद्धची समिती उभी केली, तेव्हा हजारो बाया रस्त्यावर आल्या त्या हातात लाटणं घेऊनच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना घेऊन. त्या काय रांधतात, किती जणांना वाढतात, सावकाराला किती देतात हा हिशेब मांडल्यावरच बँकेच्या कर्जाची वाट निघाली. स्वयंपाकघराकडे पाठ फिरवल्यानं तिथलं काम थांबत नाही, ते दुसरीच्या अंगावर पडतं.

पुरवण्यांमधल्या पाककृतींबद्दलचा राग मात्र मलाही मान्य आहे. अशाच एका पुरवणीत मी ही कृती वाचली होती. ‘दहा मिनिटांत होणारं सोपं सॅलड’. त्यात पनीर ‘घ्यावे’, संत्री ‘सोलून घ्यावीत’, बिया ‘काढून घ्याव्यात’. कुणी, ते लिहायचं नाही. सोलण्याचा वेळ त्या दहा मिनिटांत नाही, पातेलं घासण्याचा तर नाहीच. मग पुढे, ‘पतिराजांच्या वाढत्या वजनावर उत्तम!’ बाईनं खायचं की नाही, याचा उल्लेखसुद्धा नाही.

तेव्हा आता ती कृती पुऱ्या हिशेबानं सांगते.

चाळीस जणींना आठ लिटर म्हशीचं दूध. मोठ्या पातेल्यात ते उकळायला अर्ध्या तासाहून जास्त लागतं आणि तेवढा वेळ एक बाई तिथून हलू शकत नाही. उकळी आली की गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि दहा-बारा लिंबांचा रस थोडं पाणी घालून हळूहळू ओतायचा. हिरवट, स्वच्छ पाणी सुटलं की रस पुरे. मग सुती फडक्यात गाळून, वरून गार पाणी ओतून आंबटपणा घालवायचा आणि गाठोडं अर्धा तास टांगून ठेवायचं. वजनाखाली दाबायची गरज नाही, हातानं कुस्करायचंच आहे. दीड किलोच्या वर पनीर मिळतं. निघालेलं पाणी फेकू नका, कणीक त्यात मळता येते.

इथे थोडं विषयांतर करते. आपल्याकडे दूध नासलं की आधी घरातल्या बाईकडे बघतात. लक्ष कुठं होतं? हात नीट धुतले होते का? पाळीत शिवलीस का? माझ्या सासरी एकदा दूध नासलं तर मी दोन दिवस बोलणी खाल्ली होती. तेच दूध मुद्दाम नासवलं की त्याचं पनीर होतं आणि हॉटेलात ते सगळ्यात महागाच्या पानावर जाऊन बसतं! शिबिरात लिंबाचा रस ओतताना तीन-चार जणींनी खरोखर तोंडाला पदर लावला होता. एकीला तर बघवेना.

संत्री प्रत्येकीनं आपली आपण सोलायची. पांढऱ्या शिरा आणि बिया काढायच्या, कडू लागतात. जमेल तिनं फोडीवरचा पापुद्राही सोलायचा. डिसेंबर असल्यानं नागपूरकडची अंबिया बहाराची संत्री बाजारात होती, हाताला सैल सालीची, सोलायला सोपी. त्यात पातळ चिरलेला कांदा, कोथिंबीर, भरडलेले शेंगदाणे, मिरपूड आणि पनीर. मीठ अगदी पानात वाढताना घालायचं, आधी घातलं तर संत्र्याला पाणी सुटून सगळा लगदा होतो. बरोबर वाफवलेली मोडाची मटकी होती. पोळ्या आम्ही वस्तीतल्याच एका खाणावळवालीकडून घेतल्या, तिनं सांगितलेल्या भावानं, घासाघीस न करता.

दुधापाशी कोण उभं राहणार आणि भांडी कोण घासणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्यांत वक्त्यांची नावंही होती. तळाला लागलेलं पातेलं एका प्राध्यापक मैत्रिणीच्या वाट्याला आलं. ‘वेळ गेला’ अशी तक्रार कुठून आली असेल ते मी सांगत नाही. वेळ मी घड्याळ लावून मोजला होता. दुधापाशी आणि भांड्यांशी मिळून दीड तास, दोघींचा. संत्री सोलायला वीस मिनिटं, तीही चर्चा चालू असताना, गोल बसून. भाकऱ्या थापायला पूर्वी जायच्या त्या तिघी या वेळी त्याच गोलात होत्या. पोटगीच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त त्यातलीच एक बोलली.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘पनीर-संत्रं हे श्रीमंती चोचले आहेत, आपल्या बायांना परवडणारं खाऊ घाला.’ दूध-फळं महाग आहेत हे मला कुणी सांगायला नको. पण मग विचारा, गोठ्यातलं शेण काढते कोण, धार काढते कोण, आणि डेअरीच्या पुस्तकात नाव कुणाचं असतं? दूध काढणाऱ्या बाईच्या पेल्यात चहापुरतंच दूध उरतं, आणि आपण म्हणायचं की हे तिचं खाणं नव्हे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. पनीरनं रक्त वाढत नाही, त्यात लोह जवळजवळ नसतंच. उलट दुधातला चुना लोह अंगी लागायला थोडा आडवाच येतो. पण संत्र्यातलं क जीवनसत्त्व मटकीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लावायला मदत करतं. म्हणून कुठलं एक टाळायचंच झालं तर पनीर टाळा, संत्रं आणि मटकी सोडू नका. आणि जेवणावर लगेच चहा नको. तो आपण शिबिरात नेमका तेव्हाच देतो.

त्या दुपारी एकीनं आपल्या पानातलं पनीर कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. धाकट्या मुलासाठी. मी म्हटलं, ‘अगं, इथं खा. हे तुझं आहे.’ ती म्हणाली, ‘ताई, माझ्या घशाखाली उतरणार नाही.’ मी आग्रह सोडला. शेजारची मात्र तिच्यावर चिडली, ‘अख्खं संत्रं कधी एकटीनं खाल्लंयस का गं तू आजवर?’ तिला आठवेना. मग चाळिसातल्या किती जणींना आठवतं ते विचारत गेलो. निम्म्या जणींनी हात वर केले नाहीत. ती चर्चा पाऊण तास चालली. कार्यक्रमपत्रिकेत ती नव्हती, म्हणून आढाव्यातही नाही.

पिठलं-भाकरीशी माझं वैर नाही. ऐंशी भाकऱ्या थापायच्या असतील तर चिठ्ठ्या टाका, सगळ्यांची नावं घाला, आणि ज्यांना थापता येत नाहीत त्यांनी शिकून या. ते जमणार नसेल तर कोशिंबीर करा. पण ‘साधं ठेवा’ असं म्हणून माना डोलावून पुढच्या विषयाकडे जाऊ नका.

आढाव्यातलं ते वाक्य मागे घ्यावं, असा ठराव मी या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत मांडणार आहे. जेवणाचा विषय त्या दिवशी पहिला घ्या. आणि त्या तिघींना निरोप द्या, या वेळी बैठकीला.