मर्यादेत आहे, म्हणजे काय?

‘तपासलेल्या नमुन्यात शिशाचे प्रमाण मर्यादेत आढळले.’ अशा अर्थाचे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात कधी तरी वाचले असेल. शिशाच्या जागी पारा असेल, आर्सेनिक असेल किंवा हवेतली धूळ असेल. वाक्य वाचून आपण पान उलटतो. मर्यादेत आहे ना, मग झाले! माझे म्हणणे असे, की विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी या वाक्यापाशी थोडे थांबावे. ही मर्यादा कोणी ठरवली, कधी ठरवली आणि कोणाच्या शरीराकडे पाहून ठरवली, हे विचारावे. पाणी १०० अंशांना उकळते हे निसर्गाने ठरवले आहे. शिशाची मर्यादा मात्र माणसांनी बैठका घेऊन ठरवलेली असते. आणि माणसे चुकतात. कधी कधी तर सोयीसाठी चुकतात.

शिशाचीच हकिगत पाहू. आधी एक गैरसमज दूर करतो. तुमच्या शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यातली काळी कांडी ग्राफाइट आणि चिकणमाती यांची असते. पूर्वी लोक ग्राफाइटला शिशाचाच एक प्रकार समजत, म्हणून ते नाव चिकटले ते चिकटलेच. पेन्सिल चघळू नये असे बाई सांगतात ते बरोबरच आहे. पण त्यात शिसे असलेच तर ते बाहेरच्या रंगात असेल, आतल्या कांडीत नव्हे.

खरे शिसे हा मऊ, जड, स्वस्त आणि ३२७ अंशांना वितळणारा धातू. रोमन लोकांनी त्याचे नळ केले. छापखान्यातले खिळे त्याच्याच मिश्रधातूचे असत. आमच्या पिढीने शाळेत वाचलेली मासिके अशा खिळ्यांनी जुळवलेली होती. मोटारीच्या बॅटरीत ते आजही आहे. इतका उपयोगी धातू, पण आपल्या शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. लोह लागते, जस्त लागते, तांबेही थोडेसे लागते. शिसे अजिबात लागत नाही.

तरी ते शरीरात शिरते, कारण शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनाची बतावणी करतो. कॅल्शियमसाठी असलेल्या वाटांनी तो आत येतो. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा कॅल्शियमचे काम असते. तिथे हा तोतया जाऊन बसतो आणि निरोपात घोटाळा होतो. रक्तातले हीम तयार करणाऱ्या एका विकराचे कामही तो अडवतो, त्यामुळे पंडुरोग होऊ शकतो. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते. पण पुष्कळसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे ते कित्येक वर्षे, दशकेही राहते. आई गरोदर असताना तिच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी बाहेर पडते. त्याच्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेले शिसेही बाहेर पडते. आईने आपल्या लहानपणी श्वासातून घेतलेले विष असे बाळापर्यंत पोचते.

लहान मूल तर दुहेरी अडचणीत असते. ते रांगते, हात तोंडात घालते, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. म्हणजे ज्याच्या ताटात कमी, त्याच्या रक्तात शिसे जास्त.

आता मर्यादेकडे वळू. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याला असे आढळले, की टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये थोडेसे घातले की इंजिनाची खडखड थांबते. अल्कोहोलनेही हे काम होते हे त्याला ठाऊक होते. पण अल्कोहोलचे पेटंट घेऊन पैसा करता येत नव्हता. १९२३ साली शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तेव्हा मिजलीने वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि हुंगून दाखवले. आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाल्यामुळे तो स्वतः विश्रांतीसाठी गेला होता, हे मात्र त्याने सांगितले नाही.

१९२५ साली सरकारने परिषद भरवली. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या पेट्रोलला विरोध केला. काही महिने विक्री थांबली, समिती नेमली गेली, आणि बंदी घालण्याइतका पुरावा नाही म्हणून विक्री पुन्हा सुरू झाली. पुढे रॉबर्ट कीहो या वैद्यक शास्त्रज्ञाने कित्येक वर्षे असे मांडले, की शिसे निसर्गातच आहे, ते सर्वांच्या शरीरात थोडे असायचेच, आणि ठराविक पातळीखाली ते अपाय करत नाही. त्याच्या प्रयोगशाळेचा खर्च शिशाच्या धंद्यातूनच येत होता. इथे ‘मर्यादेत आहे’ या वाक्याचा जन्म पाहा. ज्याने अपाय व्हायचा त्याने अपाय सिद्ध करावा, तोवर विक्री चालू!

ही समजूत मोडली ती एका भूवैज्ञानिकाने, तेही दुसरेच काम करताना. क्लेअर पॅटरसन हा उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होता. त्याची मापे जुळेनात, कारण प्रयोगशाळेतल्या धुळीत, भांड्यांत, आम्लांत, स्वतःच्या केसांतसुद्धा शिसे होते. त्याने प्रयोगशाळा कमालीची स्वच्छ केली आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. पण ती धूळ त्याच्या डोक्यातून गेली नाही. इतके शिसे आले कुठून? ग्रीनलंडच्या बर्फाचे थर त्याने तपासले, तर जुन्या थरांत शिसे अत्यल्प आणि अलीकडच्या थरांत भरमसाट. १९६५ साली त्याने लिहिले, की आपण ज्याला ‘नैसर्गिक’ म्हणतो ते प्रमाण केवळ ‘नेहमीचे’ आहे. नैसर्गिक प्रमाण त्याहून फार कमी आहे. सगळेच विष पीत असतील, तर सगळ्यांचे सरासरी विष निरोगी ठरते, अशी ती गंमत होती. १९७१ साली हवेतील शिशाचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय समितीत मात्र पॅटरसनला घेतले नाही!

आता काही आकडे. १०० मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसे सापडले म्हणजे मुलाची काळजी करायची? अमेरिकेत १९६० च्या दशकात उत्तर होते ६०. १९७५ साली ३०. १९८५ साली २५. १९९१ साली १०. २०१२ साली ५. २०२१ पासून साडेतीन. मुलांचे मेंदू या साठ वर्षांत नाजूक झालेले नाहीत. ते आधीपासूनच तितके नाजूक होते. १९६५ सालच्या एखाद्या मुलाच्या रक्तात ४० निघाले असते, तर त्याच्या आईला ‘मर्यादेत आहे’ असे सांगून घरी पाठवले असते. जागतिक आरोग्य संघटना आज म्हणते, की शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. ५ हा आकडा किती लहान आहे याचाही हिशेब करून पाहा: वीस हजार लिटरमध्ये एक ग्रॅम. पाण्याचे दहा हजार लिटरचे दोन टँकर डोळ्यांपुढे आणा आणि त्यात एवढी चिमूट.

मर्यादा खाली आणण्यात दुधाच्या दातांचा मोठा वाटा आहे. तुमचा दात पडला तेव्हा तो छपरावर फेकला असेल किंवा मातीत पुरला असेल. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दात गोळा केले. दात म्हणजे शिशाची वहीच. लहानपणी किती शिसे पोटात गेले ते तिच्यात नोंदलेले असते. या मुलांपैकी कोणीही आजारी दिसत नव्हते. तरी ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे चार गुणांनी कमी निघाला. दातांचा निकाल ठाऊक नसलेल्या शिक्षकांनी वर्गात लक्ष न लागणारी म्हणून जी मुले नोंदवली, त्यांचे प्रमाण शिशाबरोबर चढत गेले. हे १९७९ साली प्रसिद्ध झाले. नीडलमनवर पुढे लबाडीचे आरोप झाले. चौकशीत ते टिकले नाहीत. शिक्षकांना इथे एक विचारावेसे वाटते. ‘धांदरट’, ‘लक्ष नाही’ असे शेरे प्रगतिपुस्तकावर आपण किती सहज लिहितो! त्यातल्या एखाद्या शेऱ्यामागे शिसे तर नसेल?

भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबले. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात लहान मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसे होते, आता ते एकाहून कमी आहे. म्हणजे बंदीचा उपयोग होतो. पण संकट गेले असे समजू नका. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून अधिक शिसे आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी मुले भारतात आहेत. आता ते येते जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्यातून, रंगांतून, हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून मिसळलेल्या लेड क्रोमेटमधून. कल्हई करताना कथलात स्वस्त शिसे मिसळले असेल, तर आपल्या पितळी पातेल्यातूनही. बॅटरी फोडणारा कामगार संध्याकाळी घरी जातो आणि लेक त्याला बिलगते. त्याच्या कपड्यांवरच्या धुळीला कोणी मर्यादा घातलेली नाही. औषधाने रक्तातले शिसे काढता येते, पण मेंदूचे झालेले नुकसान त्याने भरून येत नाही. आणि घरातली धूळ तशीच ठेवून औषध देणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हवेचेही तसेच आहे. अडीच मायक्रोमीटरहून बारीक धुळीची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा सल्ला १५ चा. म्हणजे आपल्या निर्देशांकात जो दिवस ‘समाधानकारक’ ठरतो, त्या दिवशीची हवा त्या सल्ल्याच्या चौपट वाईट असू शकते. फुप्फुस मात्र इथले आणि तिथले सारखेच.

तुम्ही म्हणाल, मग मर्यादा नकोतच का? तसे नाही. आकडा नसेल तर निरीक्षक कारखान्याला जाब कसा विचारणार? मर्यादा ही लढाईतली उपयोगी वस्तू आहे. माझा आक्षेप आहे तो तिला निर्धोकपणाचा दाखला समजण्याला. ती आजच्या ज्ञानाची आणि आजच्या तडजोडीची खूण आहे. उद्या ती खाली सरकेल अशी तयारी ठेवूनच ती वाचावी.

तुमच्या शाळेत बाके किंवा खिडक्या रंगवायला काढतील, तेव्हा रंगाचा डबा हातात घेऊन पाहा. २०१६ च्या नियमांप्रमाणे घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तसे डब्यावर छापलेले असावे लागते. अमेरिकेत हाच आकडा १९७८ सालापासून ६०० होता, नंतर तो ९० वर आला. आणि जुना रंग खरवडायचा असेल, तर तो कोरडा घासू देऊ नका. आधी ओला करून घ्यायला सांगा, खाली कागद पसरायला सांगा, आणि त्या दिवशी बालवाडीचा वर्ग दुसरीकडे भरवा.