टॅक्सीवाल्याला जामीन कोण?

आपण मध्यमवर्गीय माणसे भारी चौकस. घरी धुण्याभांड्याला बाई ठेवायची झाली, तर ती आधी कोणाकडे होती आणि तिथून का सुटली, याचा तपास आधी होतो. दूधवाला बदलायचा तर शेजारच्या काकूंचे मत घेतले जाते. मुलीला स्थळ सांगून आले, तर मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत माग काढतात. आणि हीच आपण माणसे रात्री अकरा वाजता दादर स्टेशनबाहेर उभी राहतो, हात वर करतो आणि जन्मात कधी न पाहिलेल्या माणसाच्या गाडीत बायकामुले, सामानसुमान आणि अंगावरच्या दागिन्यांसह निर्धास्तपणे जाऊन बसतो. दार लावून घेतो आणि म्हणतो, “चला, पार्ल्याला!”

ना नाव ठाऊक, ना गाव. चुलत्यामामांची चौकशी तर दूरच. मग हे धाडस आपल्या अंगी येते कोठून? आमच्या सौ.चे म्हणणे असे, की दमलेल्या माणसाला विचार सुचत नाही, एवढेच त्याचे कारण. तिच्या म्हणण्यात तथ्य असेलही. पण मला वाटते, त्या माणसाला कोणीतरी आधीच जामीन राहिलेला असतो. तो जामीनदार आपल्याला दिसत नाही. दिसतो तो फक्त चालकाचा बिल्ला.

हे बिल्ल्याचे प्रकरण जरा समजावून घेण्यासारखे आहे. टॅक्सी म्हटली की निदान तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. पहिली गाडी चालवण्याची. दुसरी गाडीची, म्हणजे परमिट. तिच्या जोडीला गाडी धडधाकट असल्याचा दाखला हवा आणि मीटरची तपासणीही हवी. तिसरी परवानगी माणसाची. हा माणूस उतारूंना घेऊन जाण्याजोगा आहे, याची पोलिसांकडून पडताळणी होते आणि मगच त्याला बिल्ला मिळतो. परमिट एकाच्या नावावर, गाडी चालवतो दुसरा, आणि रात्रपाळीला तिसराच, असेही सर्रास असते. म्हणून माणसाची पारख वेगळी ठेवावी लागते.

पहिल्या परवानगीची बाब अलीकडे पुष्कळ सोपी झाली आहे. साधी मोटार चालवण्याचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची व्यवसायाची गाडी चालवण्यासाठी परवान्यावर वेगळा शेरा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ठीकच आहे. स्टिअरिंग तेच आणि ब्रेकही तोच. पण गाडी चालवता येणे ही एक गोष्ट झाली, आणि अनोळखी बाईला रात्री सुखरूप घरी पोहोचवणे ही दुसरी.

मुंबईला हे शहाणपण मोटारीच्याही आधी आले होते. घोडागाड्यांच्या काळात, १८६३ साली, मुंबई सरकारने भाड्याच्या वाहनांसाठी कायदा केला. पुढे १९२० साली नवा केला. १९११ च्या सुमारास मोटारटॅक्सी आली आणि व्हिक्टोरियाच्या शेजारी उभी राहिली. आता व्हिक्टोरियाही गेली. २०१५ साली उच्च न्यायालयाने तिला बेकायदा ठरवले. आणि जिच्या मागच्या सीटवर बसून आपल्यापैकी कित्येकजण जन्मल्यावर पहिल्यांदा घरी आले, ती पद्मिनीही गेली. ताडदेवच्या आर.टी.ओ.त शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचे, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची वयोमर्यादा संपली. गाड्या बदलल्या, तरी बिल्ल्याची गरज काही संपली नाही.

या जामिनकीचा कळस पाहायचा असेल, तर लंडनला जावे लागते. (निदान वाचनातून. प्राध्यापकाच्या पगारात तेवढेच परवडते.) तिथल्या काळ्या टॅक्सीचा हिरवा बिल्ला मिळवायचा तर एक परीक्षा द्यावी लागते. तिचे नाव नुसतेच ‘ज्ञान’! १८६५ पासून ती चालत आली आहे. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे पंचवीस हजार रस्ते आणि शिवाय तिथली इस्पितळे, नाटकगृहे, हॉटेले, पुतळे मुखोद्गत हवेत. पाठ करण्यासाठी ३२० वाटा नेमून दिलेल्या. पहिली मॅनॉर हाऊस स्टेशनापासून गिब्सन स्क्वेअरपर्यंतची. उमेदवार तीन-चार वर्षे उन्हापावसात दुचाकीवरून त्या वाटा घोकत हिंडतात. मग तोंडी परीक्षा. परीक्षक दोन ठिकाणे सांगणार, आणि उमेदवाराने नकाशा न पाहता, कोठे डावीकडे, कोठे उजवीकडे, असे वाटेवरच्या प्रत्येक रस्त्याचे नाव घेत तिथवर पोहोचायचे. हे वाचले तेव्हा आमच्या एम.ए.च्या तोंडी परीक्षेची मला कीव आली.

या घोकंपट्टीचा मेंदूवर काय परिणाम होतो, तेही तिथल्या शास्त्रज्ञांनी तपासले. २००० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वाटांची स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग मेंदूत असतो, त्याची मागची बाजू या टॅक्सीवाल्यांमध्ये इतरांपेक्षा मोठी असते. २०११ साली त्यांनी पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासातल्या ७९ उमेदवारांपैकी ३९ जण परीक्षा उतरले, आणि वाढ दिसली ती उतरलेल्यांतच! नापासांचा मेंदू होता तसाच राहिला. शिकवणाऱ्याला अस्वस्थ करणारी बातमी आहे ही.

लंडनमध्ये भाड्याच्या गाड्यांच्या दोन जाती आहेत. रस्त्यात हात केल्यावर थांबण्याचा अधिकार फक्त काळ्या टॅक्सीला. दुसरी खाजगी गाडी, आधी सांगून ठेवलेलीच. तिच्यासाठी १९९८ साली वेगळा कायदा झाला. आपल्याकडेही फोनवरच्या ॲपने बोलावलेली गाडी आणि काळीपिवळी यांत असाच भेद आहे. एकीचे मीटर आणि दर सरकार ठरवते, तर दुसरीचा व्यवहार कंपनीमार्फत होतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा कंपन्यांनाही राज्याचा परवाना घेणे आले.

लंडनबाहेरच्या इंग्लंडची कथा मात्र आपण जपून वाचावी अशी आहे. तिथे परवाना देते ती त्या त्या गावची नगरसभा. १८४७ सालचा कायदा टॅक्सीला अजून लागू आहे आणि खाजगी गाड्यांसाठी १९७६ चा. चालक ‘योग्य आणि लायक’ असल्याची खात्री सभेने करून घ्यायची. कल्पना चांगली. गावचा माणूस, गावचीच चौकशी. पण खाजगी गाडीवाला एका गावी परवाना घेऊन दुसऱ्याच गावी धंदा करू लागला तर? वुल्वरहॅम्प्टनचा परवाना लावलेल्या गाड्या सुमारे शंभर किलोमीटरवरच्या मँचेस्टरच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागल्या. जिथे परवाना स्वस्तात आणि लवकर मिळतो, तिथे रांग लागणारच. म्हणजे जामीन राहिला एक गाव आणि व्यवहार झाला भलत्याच गावी.

हा केवळ महसुलाचा वाद नव्हे. रॉदरहॅम या गावी पोरसवदा मुलींचे वर्षानुवर्षे शोषण चालले होते. २०१४ साली प्राध्यापिका ॲलेक्सिस जे यांच्या चौकशी अहवालाने ते उघड्यावर आणले, तेव्हा त्यात काही टॅक्सीचालकांचा हात ठळकपणे पुढे आला. जून २०२५ मध्ये लुईझ केसी यांनी अशा गुन्ह्यांचा देशभराचा आढावा सादर केला, आणि परगावच्या परवान्यावर गाडी चालवण्याची ही पळवाट बंद करा, अशी शिफारस त्यात केली.

आपल्याकडेही असा प्रसंग घडून गेला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत एका तरुणीने ॲपवरून गाडी बोलावली आणि चालकाने तिच्यावर अत्याचार केला. पुढे तपासात निघाले, की त्याच्यावर आधीचेही आरोप होते आणि त्याच्यापाशी असलेला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला बनावट होता. कागद होता, शिक्का होता. नव्हता तो फक्त जामीनदार. २०१५ साली त्याला जन्मठेप झाली. ज्यांच्या मुली रात्रपाळीवरून घरी येतात, त्या आईबापांना या प्रकरणाचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता माझ्या विषयाकडे येतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाने टॅक्सीवर लिहावे आणि भाषेबद्दल बोलू नये, हे वाचकांना खपणार नाही. १९८९ च्या महाराष्ट्र मोटार वाहन नियमांत टॅक्सीचालकाला मराठीचे कामापुरते ज्ञान आणि परिसराची माहिती असावी, असे सांगितले आहे. जानेवारी २०१० मध्ये मंत्रिमंडळाने नव्या परमिटांसाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि मराठी लिहिता-वाचता येणे अशी घोषणा केली. गदारोळ उठताच दुसऱ्याच दिवशी मराठीच्या जोडीला हिंदी आणि गुजरातीही चालेल, असा खुलासा झाला. २०१६ साली रिक्षांच्या परमिटासाठी मराठीची सक्ती करणारे परिपत्रक निघाले. २०१७ साली उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. गंमत अशी, की त्याच वर्षी लंडनमध्ये खाजगी गाड्यांच्या चालकांना इंग्रजी यायला हवे, ही अट तिथल्या न्यायालयाने उचित ठरवली.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील टॅक्सी चालवतात. मूळचे जौनपूरकडचे; मुंबईत तीस वर्षे झाली. मुलगी बी.ए.ला मराठी घेऊन बसली आहे आणि वर्गात पहिल्या तिघांत असते. एकदा ते तिला न्यायला आले, तेव्हा मी त्यांना विचारले, “तुम्हाला मराठी येते की नाही?”

“येते ना सर,” ते म्हणाले. “गाडीतली सगळी येते. पेपरातली नाही येत.”

मला वाटते, या साऱ्या वादातले सर्वांत मुद्द्याचे वाक्य हेच. टॅक्सीवाल्याला कोणती मराठी हवी? त्याने ज्ञानेश्वरीवर निरूपण करावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ यांतला भेद त्याला कळला पाहिजे, कारण पावसात तो भेद म्हाताऱ्या माणसाला शंभर पावले चालायला लावतो. ‘पिंपळाच्या आधीच्या बोळात वळा’ म्हटले की वळता आले पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, मागच्या सीटवरची एकटी आजी “छातीत कळ येतेय हो” असे पुटपुटली, तर ते ऐकून गाडी थेट इस्पितळाकडे गेली पाहिजे. त्या क्षणी आजीला दुसरी भाषा सुचणार नाही.

म्हणून मराठीची अट असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती जामिनकीचा भाग म्हणून असावी, कोणाला दारातून परतवण्यासाठी नको. परीक्षा घ्यायची तर गाडीतल्या मराठीची घ्या, तोंडी घ्या, आणि त्याआधी ती शिकवण्याची सोय करा. दर रविवारी दोन तास याप्रमाणे सहा रविवार पुरतील. शिकवायला आमच्यासारखे पुष्कळ आहेत. मी माझे नाव आताच देऊन ठेवतो. जौनपूरचा माणूस जर पंचवीस-तीस वर्षांत भेंडीबाजारापासून बोरिवलीपर्यंतचे बोळ पाठ करू शकतो, तर त्याला ‘पलीकडे’ हा शब्द जड जाईल असे मला वाटत नाही.

जामिनकी मात्र दोन्ही बाजूंनी असते. टॅक्सीत बसताना बिल्ल्याकडे आणि गाडीच्या क्रमांकाकडे एकदा नजर टाका, घरच्यांना कळवा. मीटर पाडायला सांगा आणि मीटरने सांगितले तेवढे निमूटपणे द्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरचे एकतीस रुपये झाले, त्याबद्दल चालकाशी वाद घालू नका. दर त्याने ठरवलेला नाही. त्याने भाडे नाकारले तर जरूर तक्रार करा. कायद्याने त्याला तसे नाकारता येत नाही, आणि त्याबद्दल दंड आहे. आणि त्याला ‘ए टॅक्सी’ म्हणून हाक मारू नका. ‘दादा’ म्हणा, ‘काका’ म्हणा. बहुतेकांना तेवढी मराठी येते.

यंदा भाऊबीजेला डबे, पिशव्या आणि पोरे घेऊन आपण सारे टॅक्सीसाठी नाक्यावर उभे राहूच. त्या दिवशी गाडी मिळणे कठीण, आणि मिळाली तर तिचा चालक स्वतःच्या घरापासून पुष्कळ लांब असण्याचा संभव अधिक. उतरताना सुट्ट्या पैशांबरोबर डब्यातली एखादी करंजी त्याच्या हाती ठेवायला हरकत नाही. नियमांत तशी तरतूद नाही, पण मनाईही नाही.

वाचकांना दीपावली सुखाची जावो!