कुठलं झाड?

एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसस्टॉप, मिरवणूक, सहल असे त्याचे नेहमीचे विषय. समोर काही मांडलेलं नसतं, डोक्यात असेल ते कागदावर उतरवायचं. आम्ही मुलं चित्राच्या कोपऱ्यात हमखास एक झाड टाकायचो, दोन तपकिरी रेघा आणि वर हिरवा ढग. माझी आत्या चित्रकला शिकवायची. ती त्या झाडावर बोट ठेवून विचारायची, "कुठलं झाड हे?" सांगता आलं नाही की कागद परत.

आत्या दादरला हिंदू कॉलनीत राहायची. रविवारी सकाळी ती मला आणि दादाला पारशी कॉलनीतून पाच उद्यानांकडे न्यायची. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याची ही रुंद रस्त्यांची, मोकळी वस्ती त्या ट्रस्टनं आखली. पारशी कॉलनी वसवणाऱ्या मंचेरजी जोशींनी रस्त्यांना झाडंसुद्धा नेमून दिली. फिरदौसी रस्त्याच्या वाट्याला महोगनी आली. हा इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की उन्हाळा लागताना त्या रस्त्यावर वरून काहीतरी गरगरत खाली येतं.

महोगनीचं फळ मुठीएवढं, लाकडासारखं टणक असतं आणि फांदीवर ताठ उभं राहतं. वाळलं की बुडाकडून पाच फाळ्या सुटायला लागतात. आत मधल्या दांड्याला पंखवाल्या चपट्या बिया दाटीनं चिकटलेल्या. वारा आला की त्या एकेक करून निघतात. आत्या फाळी हातात द्यायची. बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत, कडेला जाड. बीचा पंख कुठे पातळ होतो, शीर कुठून जाते, हे बोट फिरवून बघायला लावायची. मग सगळं पिशवीत जायचं. घरी आल्यावर पिशवी उघडायची नाही आणि चित्र काढायचं. चुकलं तर पुढच्या रविवारी पुन्हा बघायचं. मला ही शिक्षा वाटायची. आता वाटतं, बघण्याचं याहून चांगलं शिक्षण मला कुठल्याही शाळेत मिळालं नाही.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज मला नीट आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं. पण बी चिमटीत धरलेली तिची बोटं, अंगठ्याच्या नखाशी वाळलेला रंग, हे मी आजही काढू शकेन. महोगनी नसती तर तेही राहिलं नसतं.

म्हणून झाड तोडण्याच्या बातमीत रोपांचा हिशेब आला की मी अस्वस्थ होते. राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारशाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलं. तरतूद चांगलीच आहे. पण साठ रोपं लावली तरी त्यांच्याखाली कुणाची आत्या उभी राहिलेली नसते.

आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षावर यंदा नोटीस लागली. हरकतीचा अर्ज लिहायला सगळे जमलो, तेव्हा 'झाड जुने आहे, सावली देते' यापुढे वाक्य सरकेना. रोज त्याच्याखालून जाणारी आम्ही माणसं! दादा उठून खाली गेला आणि तासाभरानं कागद घेऊन आला. रातबगळ्यांची घरटी कुठल्या दुबेळक्यात आहेत, जुनी छाटलेली फांदी कुठे भरून आली आहे, संध्याकाळी पानं मिटल्यावर कुठल्या मजल्यापर्यंत आकाश उघडं होतं, सगळं त्यानं रेखाटलं होतं. ते पाहून शेजारच्या काकूंना आठवलं, की त्यांच्या सासूबाई त्याच खोडापाशी वटपौर्णिमेचा दोरा गुंडाळायच्या, कारण जवळपास वड नव्हता. तेही अर्जात घातलं.

निकाल अजून आलेला नाही. सुनावणीला बोलावलं तर मूळ चित्र घेऊन दादा आणि काकू दोघंही जाणार आहेत.