उघडून पाहण्याचा हक्क

जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॅमेरे आणि त्यांच्या शेजारी अगदी नवे फोन जमवावेत, ती पुसूनपासून त्यांची सुरेख छायाचित्रे काढावीत व समानधर्मी मंडळींना दाखवावीत, हा छंद सुशिक्षित मध्यमवर्गात बराच रुजला आहे. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या छंदाचे जे दोन तुकडे पाडले गेले आहेत, त्यांविषयी. यंत्र विकत घेणे आणि त्याचे चित्र काढणे, याला बाजारपेठेचे संपूर्ण उत्तेजन आहे. तेच यंत्र उघडून त्यात खुडबूड करणे मात्र पद्धतशीरपणे अवघड केले जात आहे. हा प्रश्न छंदाचा नसून मालकीचा आहे, हे आपल्या चळवळीने अद्याप ध्यानात घेतलेले दिसत नाही.

१९८० च्या दशकापर्यंत आपल्या देशात रेडिओ बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागे व त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. ऐकण्यास परवाना हवा होता. परंतु रेडिओचा मागचा पुठ्ठा काढण्यास कोणाची परवानगी लागत नसे. उलट, व्हॉल्व्हच्या कित्येक रेडिओंत आतल्या बाजूस व्हॉल्व्हची मांडणी, क्वचित सर्किटचा सबंध आराखडाच चिकटविलेला असे. वस्तू ज्याची, तिचे अंतरंगही त्याचे, हे त्या काळच्या नफेखोर कारखानदारालाही मान्य होते. आज ऐकण्यास परवाना नाही. उघडण्यास आहे, आणि तो सरकार देत नाही, कंपनी देते.

यंत्रे सूक्ष्म व गुंतागुंतीची झाली म्हणून असे घडले, असा खुलासा केला जातो. तो अर्धसत्य आहे. ॲपल कंपनीने १९७८ साली आपल्या ‘ॲपल टू’ या संगणकाची जी संदर्भपुस्तिका काढली, तिच्यात सर्किटचे आराखडे तर होतेच, शिवाय यंत्रात कायमची कोरलेली मूळ आज्ञावलीही ओळीनिशी छापलेली होती. त्याच कंपनीने पुढे आपल्या फोनला पाच पाकळ्यांचे, नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरला दाद न देणारे स्क्रू बसविले. स्क्रूला पाच पाकळ्या असण्यात विज्ञानाची कोणती प्रगती आहे? नंतर सुटे भाग विशिष्ट क्रमांकांनी मुख्य सर्किटशी जखडले गेले. एका अस्सल फोनचा अस्सल पडदा दुसऱ्या अस्सल फोनला बसविला, तरी काही सोयी बंद पडत. टीका वाढल्यावर २०२४ मध्ये कंपनीने वापरलेल्या अस्सल भागांबाबत ढील देण्याचे जाहीर केले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, नियतीची होती. आपण जुन्या बॅटरीचे फोन मंद करीत होतो, हे याच कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. ग्राहकांना ते सांगितले नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला. एका कंपनीचे नाव वारंवार घेतो आहे ते तिची कागदपत्रे उघड आहेत म्हणून. इतर कंपन्या साधुसंत आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणले, आणि त्याहून अधिक टिकणारा बल्ब करणाऱ्या सभासदाला दंड ठेवला. जास्त प्रकाशासाठी आयुष्य कमी करावे लागते, हा तांत्रिक मुद्दा खरा आहे. पण केवळ तांत्रिक मुद्द्यासाठी कोणी दंडाचे कोष्टक करीत नाही.

आता आपल्याच मंडळींच्या आक्षेपाकडे वळतो. भाकरीचे प्रश्न उभे असताना हे पोटभरल्या माणसांचे खेळणे कशाला, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना ‘काँग्रेस रेडिओ’ची आठवण करून द्यावीशी वाटते. ऑगस्ट १९४२ मध्ये उषाबेन मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो सुरू केला; डॉ. राममनोहर लोहियांचा त्यात मोठा वाटा होता. ट्रान्समीटर जुळविणारी, तो एका घरातून दुसऱ्या घरात हलवून पुन्हा चालू करणारी माणसे होती, म्हणून तो पोलिसांना चुकवीत १२ नोव्हेंबरपर्यंत टिकला. (अखेर एका तंत्रज्ञानेच पोलिसांना माहिती दिली, हेही खरे. कौशल्य माणसाला निष्ठा शिकवीत नाही.) यंत्राचे ज्ञान ज्याच्या हाती नाही, त्याला सत्ता केव्हाही मुके करू शकते.

आणि भाकरीचेच म्हणाल, तर २०२० साली शाळा बंद होऊन फोनवर आल्या, तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाची शाळा कशावर चालली? कोणा मालकिणीने टाकलेल्या, बसस्थानकाजवळच्या टपरीत पडदा बदलून घेतलेल्या फोनवर. श्रीमंताच्या दृष्टीने दुरुस्ती हा छंद आहे, गरिबाच्या दृष्टीने तो वस्तू मिळण्याचा एकमेव मार्ग आहे, आणि टपरीत बसलेल्या तरुणाच्या दृष्टीने ती रोजी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत हा वर्ग पसरला आहे. त्याची संघटना नाही, त्याच्यासाठी आपण कधी ठरावही केलेला नाही. त्याच्या हातून सुटलेले यंत्र शेवटी कोठे जाते, ते दिल्लीच्या सीलमपुरात पाहावे. तेथे माणसे तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणांसाठी सर्किटे आम्लात बुडवितात. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

सुट्या भागांची कोंडी हा केवळ नैतिक दोष नाही, बेकायदा व्यवहार आहे, हे आपल्याकडे एकदा ठरलेले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग व तपासणीची साधने नाकारल्याबद्दल. पुढे अपिले झाली, ते ओघानेच आले. फोनच्या बाबतीत मात्र केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ उघडले, आणि कंपन्यांनी स्वेच्छेने माहिती द्यावी अशी अपेक्षा ठेवली. युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता आली पाहिजे असे ठरविले. तेथे स्वेच्छेची वाट पाहिली नाही.

कायद्याची मागणी आपण करूच. परंतु त्याआधी हाताशी असलेले साधन म्हणजे सरकारी खरेदी. शाळा, महानगरपालिका, विद्यापीठे सार्वजनिक पैशातून संगणक व टॅबलेट घेतात. ज्याचा सर्किटचा आराखडा व सुटे भाग कोणाही कारागिराला रास्त दरात मिळणार नाहीत, असे यंत्र घेऊ नये, एवढी अट निविदेत घालण्यास दिल्लीकडे पाहावे लागत नाही. आपले जे नगरसेवक व अधिसभा सदस्य आहेत, त्यांनी हा ठराव मांडावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या दुरुस्तीच्या टपऱ्यांत जाऊन कोणता भाग मिळत नाही, कोणते यंत्र उघडत नाही, याची यादी करावी. ठरावाला ती जोडता येईल.